ताऱ्यांची प्रतवारी



गेलेल्या माणसाचे नाव मागे राहावे म्हणून कुणी पाणपोई घालतो, कुणी शाळेला खोली बांधून देतो, कुणी व्याख्यानमाला सुरू करतो. आपण आज स्मृतिव्याख्यानासाठी जमलो आहोत, तेव्हा सुरुवात अशाच एका स्मारकापासून करतो. १८८२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये डॉ. हेन्री ड्रेपर वयाच्या ४५ व्या वर्षी वारले. शिक्षण वैद्यकाचे, नोकरी प्राध्यापकाची, पण जीव सगळा आकाशात अडकलेला. १८७२ मध्ये अभिजित ताऱ्याचा वर्णपट त्यातल्या काळ्या रेषांसकट छायाचित्रात पकडणारा हा पहिला माणूस. त्यांच्या पत्नी ॲना पामर ड्रेपर वेधांच्या कामात रात्र रात्र त्यांच्या जोडीला असत. नवऱ्याच्या माघारी या बाईंनी त्याचे अर्धे राहिलेले काम पुरे व्हावे म्हणून हार्वर्ड वेधशाळेला दुर्बीण दिली आणि वर्षानुवर्षे पैसा पुरवला.

त्या पैशातून १९१८ ते १९२४ या काळात नऊ खंडांची एक यादी छापून झाली. तीत २,२५,३०० तारे आहेत आणि प्रत्येकापुढे एक अक्षर, एक आकडा. हेन्री ड्रेपर यांच्या नावाची आद्याक्षरे एच आणि डी आजही ताऱ्यांच्या क्रमांकाआधी लावली जातात. आपला व्याध म्हणजे एचडी ४८९१५. १९९९ मध्ये एका परक्या ताऱ्यापुढून त्याचा ग्रह सरकताना प्रथमच पकडला गेला, तो तारा एचडी २०९४५८. इतके वापरात असलेले स्मारक माझ्या माहितीत दुसरे नाही.

आज मला या यादीची आणि तिच्या आगेमागे घडलेल्या गोष्टींची हकिगत सांगायची आहे. ताऱ्याकडे पाहून दोन प्रश्न पडतात: हा किती तेजस्वी आहे, आणि हा किती तापलेला आहे. पहिल्याचे उत्तर देण्याची खटपट दोन हजार वर्षांपासून चालू आहे. दुसरा प्रश्न नीट विचारता येऊ लागला त्याला दीडशे-पावणेदोनशे वर्षेच झाली.

पहिला आधी घेऊ, कारण तो लवकर आटोपतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिप्पार्कस या ग्रीक ज्योतिर्विदाने ताऱ्यांची यादी केली. ताऱ्यांच्या सहा प्रती लावण्याची पद्धत त्याच्यापासून चालत आल्याचे मानतात. सर्वांत ठळक ते पहिल्या प्रतीचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे ते सहाव्या. पुढे टॉलेमीने हीच पद्धत आपल्या ग्रंथात घेतली आणि ती रुळली. आकडा वाढला की तेज कमी, ही उलटी गंमत तेव्हापासूनची. आकाशदर्शनाला आलेली मुले यावर हमखास अडतात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

पण दुसऱ्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा पहिल्या प्रतीचा तारा नेमका किती पट तेजस्वी? हे १८५६ मध्ये नॉर्मन पॉग्सन या इंग्रज वेधकाराने पक्के केले. पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभर पट. म्हणजे एका प्रतीमागे २.५१२ पट. तेव्हापासून प्रत दशांशात मोजता येऊ लागली आणि शून्याखालीही गेली. व्याधाची प्रत उणे १.४६, सूर्याची उणे २६.७. हे पॉग्सन १८६१ मध्ये मद्रासला सरकारी वेधशाळेचे प्रमुख म्हणून आले आणि १८९१ मध्ये तिथेच वारले. आल्या वर्षीच त्यांनी मद्रासहून एक लघुग्रह शोधला आणि त्याचे नाव ‘एशिया’ ठेवले. त्यांचे मदतनीस चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये दक्षिण आकाशातल्या एका ताऱ्याची प्रत कमीजास्त होते हे हेरले. आज साऱ्या जगात ताऱ्याची प्रत ज्या मापाने मोजतात, ते माप ठरवणारा माणूस आयुष्याची तीस वर्षे मद्रासला होता, हे आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नसते.

या मापाने अर्थात दिसणारे तेज मोजले जाते. तारा जवळ आहे म्हणून ठळक दिसतो की मुळातच प्रचंड आहे, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी अंतर हवे, आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा किती सरकल्यासारखी दिसते ते मोजून अंतर काढण्याचे काम जर्मन ज्योतिर्विद बेसेल यांना १८३८ मध्ये पहिल्यांदा साधले. अंतर हाती आले की हिशेब सोपा आहे: सगळे तारे ३२.६ प्रकाशवर्षांवर नेऊन ठेवले असते तर त्यांची प्रत काय झाली असती, ते काढायचे. ही निरपेक्ष प्रत. या मापाने सूर्य ४.८ प्रतीचा. मुंबई-पुण्याच्या आकाशात तो शोधूनही सापडला नसता. उलट मृगातला राजन्य त्याच अंतरावर आणला असता तर शुक्राच्याही वरताण झळकला असता. व्याध राजन्यापेक्षा ठळक दिसतो तो ८.६ प्रकाशवर्षांवर आहे म्हणून. राजन्य साडेआठशेच्या पुढे आहे.

आता दुसरा प्रश्न. हिवाळ्यातल्या रात्री मृगनक्षत्र पाहिले तर चौकोनाच्या एका कोपऱ्यात काक्षी तांबूस दिसतो आणि समोरच्या कोपऱ्यात राजन्य निळसर पांढरा. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आधी लाल होते, मग पिवळे, मग पांढरे, ताऱ्यांचेही तसेच. लाल तारा थंड, निळा तारा तप्त. पण रंग हा ढोबळ खुणेपुरता ठीक. अंधूक ताऱ्यांचे रंग आपल्या डोळ्यांना ओळखूच येत नाहीत. नेमके काही सांगायचे तर ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पसरवून, म्हणजे त्याचा वर्णपट काढून, त्यातल्या रेषा पाहाव्या लागतात.

सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा फ्राउनहोफरने १८१४ च्या सुमारास शेकड्यांनी नोंदवल्या होत्या. त्या कशामुळे उमटतात ते १८५९ मध्ये किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी जर्मनीत दाखवले: प्रत्येक मूलद्रव्य आपापले ठरलेले रंग गिळते. १८६० च्या दशकात रोमला फादर सेक्की यांनी दुर्बिणीला डोळा लावून ताऱ्यांच्या वर्णपटांचे चार-पाच गट पाडले. हे सगळे भराभर सांगतो आहे, कारण मला हार्वर्डला पोहोचायचे आहे.

तिथले संचालक एडवर्ड पिकरिंग. त्यांनी दुर्बिणीच्या तोंडाशीच लोलक बसवला. त्यामुळे छायाचित्राच्या एका काचेवर एकाच वेळी शेकडो तारे, आणि प्रत्येक तारा ठिपक्याऐवजी छोट्या पट्टीच्या रूपात. दक्षिणेकडचे तारे हार्वर्डहून दिसत नाहीत म्हणून पेरू देशात आरेकिपा इथे दुसरे ठाणे उघडले. काचांचा ढीग वाढत गेला आणि त्या वाचायला माणसे लागू लागली. पिकरिंगनी बायका नेमल्या. कामाला काटेकोर आणि मजुरीला स्वस्त, असा दुहेरी हिशेब त्यामागे होता; तासाला पंचवीस सेंट हा पगार बघता दुसरे कारण लपवण्यात अर्थ नाही.

त्यांतल्या पहिल्या विल्यमिना फ्लेमिंग. स्कॉटलंडहून अमेरिकेत आल्या, नवऱ्याने दिवस गेलेले असताना सोडले, आणि त्या पिकरिंगच्या घरी मोलकरीण म्हणून राहिल्या. १८८१ पासून त्या वेधशाळेत कामाला लागल्या. १८९० मध्ये दहा हजारांहून अधिक ताऱ्यांची जी यादी निघाली तिची वर्गवारी मुख्यतः त्यांची. हायड्रोजनच्या रेषा ज्यात सर्वांत ठसठशीत तो वर्ग ए, त्याहून फिक्या तो बी, असे करत त्या रोमन लिपीतल्या क्यूपर्यंत पोहोचल्या. त्या रेषा ठसठशीत का आणि फिक्या का, हे तेव्हा जगात कुणालाही सांगता आले नसते.

दुसऱ्या अँटोनिया मॉरी, हेन्री ड्रेपर यांची भाची. त्यांची कथा जरा वेळाने. तिसऱ्या ॲनी जंप कॅनन, १८९६ मध्ये आल्या. त्यांना ऐकू फार कमी येत असे. बाईंच्या कामाची पद्धत अशी: काच उजेडापुढे तिरकी उभी केलेली, हातात भिंग, शेजारी वही घेऊन मदतनीस. पट्टीवर भिंग न्यायचे, अक्षर उच्चारायचे, पुढच्या पट्टीवर जायचे. हात बसल्यावर मिनिटाला तीन-तीन तारे. एकच तारा वर्षांनी पुन्हा पुढे आला तरी बहुधा तेच अक्षर तोंडातून येई. यादीतले सव्वादोन लाख तारे त्यांनी १९११ ते १९१५ या काळात असे लावले.

पण त्यांचे मोठे काम त्याआधीचे, १९०१ चे. दक्षिणेकडच्या अकराशेवर ठळक ताऱ्यांचे उत्तम वर्णपट त्यांच्यापुढे होते. फ्लेमिंगबाईंची बरीच अक्षरे त्यांनी काढून टाकली, कारण त्यांतले काही वर्ग निव्वळ धूसर काचांमुळे पडले होते. मग एकट्या हायड्रोजनचा हट्ट सोडून सगळ्या रेषा सलग कशा बदलत जातात ते पाहिले, आणि अक्षरे अशी मांडली: ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. बाराखडी मोडली, पण वर्णपट एकात एक गुंतत गेले. मधले टप्पे दाखवायला शून्य ते नऊ आकडे. ज्या क्रमाने त्यांनी ही रांग लावली तो उतरत्या तापमानाचा क्रम आहे, असा लोकांना अंदाज होता, पुरावा नव्हता. कॅनन यांनी त्यावर एक वाक्यही खर्ची घातले नाही. ताऱ्यांचा जन्म, वय, थंड होणे याविषयी त्या काळी जो तो मत देत होता. बाईंनी फक्त लावून ठेवले. माझ्या मते त्यांची यादी टिकली ती यामुळेच. त्या काळचे ताऱ्यांच्या आयुष्याविषयीचे जवळपास सगळे सिद्धांत आज मोडीत निघाले आहेत, कॅननबाईंची अक्षरे जशीच्या तशी आहेत. १९२२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ती मान्य केली. खुद्द हार्वर्डने बाईंना रीतसर पद द्यायला मात्र १९३८ साल उजाडले, तेव्हा त्या पंचाहत्तरीत होत्या.

आता ‘का’चे उत्तर. ते कलकत्त्याहून आले, पण त्याचा एक धागा आपल्या कोकणातून जातो.

विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि १८६८ च्या खग्रास ग्रहणात इंग्रज ज्योतिर्विद नॉर्मन लॉकयर यांनी तिथून हेलियमचा शोध लावला असे सांगतात. श्रोत्यांत कोकणातले कुणी असतील त्यांची आधीच क्षमा मागतो: १८६८ मध्ये लॉकयर इंग्लंडमध्ये होते. सूर्याच्या कडेवरची ती पिवळी रेषा त्यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तिथूनच पाहिली. ऑगस्टमधल्या ग्रहणाला हिंदुस्थानात आले होते ते फ्रान्सचे जान्सेन, आणि ते होते गुंटूरला. लॉकयर विजयदुर्गावर उतरले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याच ग्रहणाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूरच्या वाटेवरच्या जेऊरला छावणी टाकून बसले होते, आणि कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कँपबेलही तिथेच होते. कोकण आणि देश मिळून त्या दिवशी सूर्याचे जितके वर्णपट टिपले गेले, त्याचा अभिमान बाळगायला हेलियमची दंतकथा लागत नाही.

लॉकयर यांचा एक जुना आग्रह होता. प्रयोगशाळेत साध्या ज्योतीत मूलद्रव्य तापवले की काही रेषा दिसतात आणि विजेच्या ठिणगीत तापवले की वेगळ्याच रेषा जोर धरतात. तशा रेषा सूर्यात आणि ताऱ्यांत दिसतात, म्हणजे तिथल्या उष्णतेत मूलद्रव्ये फुटत असली पाहिजेत. लोकांनी त्यांना वेड्यात काढले. पूर्ण बरोबर ते नव्हतेच, पण बोट योग्य जागी होते. त्यांचे शिष्य आल्फ्रेड फाउलर लंडनच्या इंपीरियल कॉलेजात वर्णपटांचे मोठे जाणकार झाले, आणि १९२० मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत मेघनाद साहा दाखल झाले.

साहा ढाक्याजवळच्या शेवडातली गावचे, छोट्या दुकानदाराचा मुलगा. १९०५ च्या वंगभंगाच्या काळात गव्हर्नरच्या भेटीवरील बहिष्कारात सामील झाले म्हणून शाळा आणि शिष्यवृत्ती दोन्ही गेली होती. कलकत्ता विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवत असताना एगर्ट या जर्मन शास्त्रज्ञाचा एक निबंध त्यांच्या वाचनात आला. ताऱ्याच्या पोटातल्या उष्णतेत अणूंचे इलेक्ट्रॉन सुटत असावेत, आणि त्याचा हिशेब रसायनशास्त्रातल्या विघटनाच्या समीकरणाने करता येईल, अशी त्यातली कल्पना. साहांना ती पटली, पण त्यातले आकडे पटले नाहीत. अणूतून इलेक्ट्रॉन सोडवायला किती ऊर्जा लागते हे प्रयोगांनी मोजून ठेवलेले होते. ते आकडे त्यांनी समीकरणात घातले आणि ताऱ्याच्या पोटाऐवजी त्याच्या वातावरणाला ते लावले. हा निबंध १९२० मध्ये प्रसिद्ध झाला, ताऱ्यांच्या वर्णपटांवरचा पुढचा १९२१ मध्ये.

त्यांचे म्हणणे हायड्रोजनच्या उदाहरणाने सांगतो. दृश्य प्रकाशात हायड्रोजनच्या ज्या रेषा दिसतात त्या उमटायला इलेक्ट्रॉन अणूच्या दुसऱ्या पायरीवर असावा लागतो. काक्षीसारख्या साडेतीन हजार केल्विनच्या ताऱ्यात जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन तळाच्या पायरीवर. हायड्रोजन भरपूर असून रेषा फिक्या. दहा हजार केल्विनच्या आसपास पुरेसे इलेक्ट्रॉन दुसऱ्या पायरीवर चढलेले असतात: रेषा ठसठशीत. अभिजित, व्याध इथले, वर्ग ए. तीस हजारांच्या वर, ओ वर्गात, इलेक्ट्रॉन अणू सोडूनच गेलेले. रेषा पुन्हा फिक्या. फ्लेमिंगबाईंचा ए कॅननबाईंच्या रांगेत मधे का आला, त्याचे उत्तर एवढेच.

म्हणजे ओपासून एमपर्यंतची रांग ही ताऱ्यात कोणती द्रव्ये आहेत याची रांगच नव्हे. द्रव्ये बहुतेक तीच. फरक तापमानाचा. ओ तीस हजारांवर, बी दहा ते तीस हजार, ए साडेसात ते दहा हजार, एफ सहा ते साडेसात, आपला सूर्य ज्यात बसतो तो जी सव्वापाच ते सहा, के साधारण पावणेचार ते सव्वापाच, एम त्याखाली. साहांनी आणखी एक भाकीत केले. रुबिडियम आणि सीझियम सूर्यात सापडत नव्हते. त्यांचे इलेक्ट्रॉन सहज सुटतात, म्हणून सूर्याच्या उष्णतेत त्यांच्या नेहमीच्या रेषा उरत नाहीत. पण सूर्यडाग तुलनेने थंड, तिथे पाहा, असे ते म्हणाले. अमेरिकेत हेन्री नॉरिस रसेल यांनी माउंट विल्सनच्या छायाचित्रांत पाहिले आणि रुबिडियम मिळाले.

साहांच्या समीकरणाचा सर्वांत धाडसी उपयोग हार्वर्डमध्येच झाला. सिसिलिया पेन ही इंग्लंडहून आलेली पंचविशीतली मुलगी कॅननबाईंच्या त्याच काचांवर काम करत होती. रेषांची तीव्रता आणि साहांचे सूत्र यांवरून कोणते द्रव्य किती याचा हिशेब तिने १९२५ च्या प्रबंधात मांडला. हायड्रोजन धातूंच्या जवळपास दहा लाख पट येत होता. तारे पृथ्वीसारख्याच मिश्रणाचे असणार असे तेव्हा सगळे धरून चालले होते. रसेल यांनी हे अशक्य आहे असे कळवले, आणि पेनने प्रबंधात हा आकडा बहुधा खरा नसावा असे लिहून टाकले. चार वर्षांनी रसेल यांनी दुसऱ्या वाटेने तेच उत्तर काढले आणि पेनचा उल्लेख करून मान्य केले. विश्वात सर्वांत जास्त काय आहे, याचे पहिले खरे उत्तर असे एका शिष्टाचाराच्या वाक्याखाली दडपले गेले.

अँटोनिया मॉरी यांच्याकडे वळतो. या बाई सावकाश काम करणाऱ्या, बारकाईच्या, मानी. पिकरिंगना घाई, दोघांचे पटत नसे. मॉरी यांनी १८९७ च्या यादीत ताऱ्यांचे बावीस गट पाडले, आणि शिवाय प्रत्येकाला ए, बी, सी अशी एक जादा खूण दिली. रेषा नेहमीच्या रुंदीच्या असतील तर ए, पसरट असतील तर बी, आणि बारीक व रेखीव असतील तर सी. राजन्य हा सी खुणेचा. पिकरिंगना हे नसते किचकट काम वाटले. कॅननबाईंच्या पद्धतीतून ही खूण गेली.

डेन्मार्कमध्ये आयनार हर्टस्प्रुंग नावाचे रसायन अभियंते हौसेने खगोलशास्त्रात शिरले होते. १९०५ मध्ये त्यांनी छायाचित्रणशास्त्राच्या एका नियतकालिकात निबंध छापला. खगोलशास्त्रज्ञ ते नियतकालिक सहसा उघडत नसत. मॉरींच्या सी खुणेचे तारे आकाशात जवळजवळ जागचे हलत नाहीत हे त्यांच्या लक्षात आले. हलत नाहीत म्हणजे फार दूर आहेत. दूर असून ठळक दिसतात म्हणजे मुळात प्रचंड तेजस्वी. एकाच रंगाचे, एकाच तापमानाचे तारे दोन जातींचे असू शकतात, आणि कोणता तारा कोणत्या जातीचा ते रेषांच्या रुंदीवरून कळते! १९०८ मध्ये त्यांनी पिकरिंगना पत्र लिहून कळवले, की ही खूण टाकून देणे म्हणजे देवमासा आणि मासा यांतला फरक एकदा कळल्यावरही प्राणिशास्त्रज्ञाने त्यांना एकाच खणात ठेवणे. पिकरिंग बधले नाहीत.

रेषा बारीक का, तेही साहांच्या विचारातच बसते. अवाढव्य ताऱ्याचे बाहेरचे वातावरण अतिविरळ असते. दाब कमी, अणूंची ढकलाढकल कमी, म्हणून रेषा रेखीव. सुटलेल्या इलेक्ट्रॉनला पुन्हा पकडणारा अणू लवकर भेटत नाही, म्हणून त्याच तापमानाला आयनांच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंच्या, रेषा जास्त जोरदार. ताऱ्याचे तेज त्याच्या अंतराशिवाय, नुसत्या वर्णपटावरून सांगता येते ते यामुळे.

हर्टस्प्रुंगनी १९११ मध्ये कृत्तिका आणि रोहिणीजवळचा ताऱ्यांचा गुच्छ यांच्या आकृत्या काढल्या. एका अक्षावर रंग, दुसऱ्यावर तेज. गुच्छातले तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर, म्हणून ही युक्ती चालली. १९१३ मध्ये रसेल यांनी स्वतंत्रपणे, अंतरे मोजलेल्या ताऱ्यांची तशीच आकृती मांडली. तारे कागदभर विखुरले नाहीत. बहुतेक एका तिरप्या पट्ट्यात आले: वर डावीकडे तप्त आणि तेजस्वी, खाली उजवीकडे थंड आणि मंद. हा मुख्य क्रम. वरच्या उजव्या बाजूला थंड पण तेजस्वी अशा राक्षसी ताऱ्यांचा वेगळा घोळका. दोघांच्या नावांनी ही एच-आर आकृती आज ओळखली जाते. रसेल यांनी तिच्यावरून बसवलेली उत्क्रांतीची कथा, म्हणजे राक्षसी तारा आकसत तापतो आणि मग पट्ट्यावरून खाली घसरत विझतो, ही पुढे खोटी ठरली. आकृतीला त्याचा धक्का लागला नाही.

या आकृतीची ताकद काक्षीवर करून दाखवतो. काक्षीचा पृष्ठभाग ३,५०० केल्विन, सूर्याचा ५,८००. तापलेल्या पृष्ठाचा दर चौरस मीटर किती ऊर्जा फेकतो ते तापमानाच्या चौथ्या घातावर ठरते, त्यामुळे काक्षीचा चौरस मीटर सूर्याच्या मानाने सातवा हिस्साच फेकतो. पण अख्खा काक्षी मात्र सूर्याच्या लाखभर पट प्रकाश देतो. म्हणजे त्याचे पृष्ठफळ सूर्याच्या सात लाख पटींच्या घरात हवे, आणि त्रिज्या साडेआठशे पटींच्या आसपास. सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाची कक्षा त्याच्या पोटात जाईल. हा कागदावरचा हिशेब. १९२० मध्ये मायकेलसन आणि पीझ यांनी माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीवर वीस फुटी तुळई बसवून काक्षीची रुंदी प्रत्यक्ष मोजली. आकार खरोखरच तसा अवाढव्य निघाला.

हाच हिशेब व्याधाच्या जोडीदाराला लावला तर उलटे टोक दिसते. हा मंद तारा १८६२ मध्ये दुर्बिणीत दिसला होता. १९१५ मध्ये वॉल्टर ॲडम्स यांना त्याचा वर्णपट मिळाला आणि तो थंड, लाल ताऱ्याचा न निघता पांढऱ्या, तप्त ताऱ्याचा निघाला. आज त्याचे तापमान २५ हजार केल्विन धरतात. इतका तप्त असून इतका मंद, तर आकार पृथ्वीएवढाच. आणि वजन सूर्याएवढे. हा श्वेतबटू. असा तारा जास्तीत जास्त किती वजन पेलेल, हा हिशेब १९३० मध्ये मुंबईहून इंग्लंडला निघालेल्या बोटीवर एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी केला. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

मॉरीबाईंची खूण शेवटी परत आली. १९४३ मध्ये यर्क्स वेधशाळेत मॉर्गन, कीनन आणि एडिथ केलमन यांनी तेजाचे एक ते पाच वर्ग रोमन आकड्यांत जोडले. एक म्हणजे महाराक्षसी, तीन राक्षसी, पाच मुख्य क्रमातला. तेव्हापासून ताऱ्याचे पूर्ण नाव दोन अंगांनी लिहिले जाते. सूर्य जी दोन पाच, राजन्य बी आठ एक. मॉरी तेव्हा हयात होत्या. हार्वर्ड सोडून काही वर्षे झाली होती.

पुढचे थोडक्यात. २०१३ मध्ये अवकाशात गेलेल्या गैया यानाने सुमारे १८० कोटी ताऱ्यांच्या जागा आणि तेज मोजले. त्यातून काढलेल्या एच-आर आकृतीत मुख्य क्रम, राक्षसी आणि श्वेतबटू जिथे असायचे तिथेच आहेत. एमच्या खाली एल, टी, वाय अशी तीन अक्षरे वाढली. त्यांत बहुतेक ज्यांना धड तारेही म्हणता येत नाही असे तपकिरी बटू. आपल्या परिसरातले सुमारे तीन चतुर्थांश तारे एम वर्गातले लाल बटू आहेत, आणि साध्या डोळ्यांना त्यांतला एकही दिसत नाही. आकाशात आपण जे पाहतो ते बहुतांशी अपवाद पाहतो.

शेवटी एक विनंती, विशेषतः इथे आलेल्या शिक्षकांना आणि आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेणाऱ्या हौशी मंडळांना. आपण गुरूचे चंद्र, शनीची कडी, मृगाचा तेजोमेघ दाखवतो. वर्णपट कुणी दाखवत नाही. मिलिमीटरला शंभर रेषांची, प्रकाशाचे रंग सुटे करणारी एक छोटी ग्रेटिंग दुर्बिणीच्या नेत्रिकेला लावली, की व्याधाच्या पट्ट्यात हायड्रोजनच्या काळ्या फटी आणि काक्षीच्या पट्ट्यात टायटॅनियम ऑक्साइडचे रुंद डाग लहानशा दुर्बिणीतूनही ओळखता येतात. येत्या हिवाळ्यात हे दोन्ही पट्टे मुलांना दाखवा, आणि त्यांत फरक काय दिसतो ते आधी त्यांनाच वहीत काढू द्या. ओ, बी, ए, एफ नंतर सांगा.